रचना दाखवा, मग विक्रम सांगा

१४ ऑक्टोबर २०२० रोजी 'नेचर'मध्ये एक शोधनिबंध छापून आला आणि शंभर वर्षांहून जुने स्वप्न खरे झाल्याची बातमी जगभर पसरली. कार्बन, गंधक आणि हायड्रोजन यांचे एक संयुग २६७ गिगापास्कल दाबाखाली, म्हणजे वातावरणाच्या सुमारे २६ लाख पट दाबाखाली, १५ अंश सेल्सियसला अतिसंवाहक होते, त्यातून वीज कसलाही रोध न होता वाहते, असा दावा अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठाच्या रंगा डायस यांच्या गटाने केला होता. १९११ साली लायडनमध्ये कामरलिंग ओनेस यांनी पाऱ्याचा विद्युतरोध ४.२ केल्विनला, म्हणजे शून्याखाली २६९ अंशांना, नाहीसा झालेला पाहिला होता. तिथपासून निघालेला प्रवास थेट खोलीच्या तापमानाला येऊन पोचला, असे सगळ्यांनी लिहिले. निबंधात तापमान होते, दाब होता, रोधाचे आलेख होते, चुंबकीय मापने होती. तो पदार्थ नेमका कोणता, हे मात्र नव्हते. कार्बनच्या एका अणूमागे गंधक किती, हायड्रोजन किती, ते अणू कोणत्या मांडणीत बसले आहेत, याचे उत्तर लेखकांकडे नव्हते, आणि तसे निबंधातच मान्य केलेले होते.

दोन वर्षांनी, २६ सप्टेंबर २०२२ रोजी, 'नेचर'ने तो निबंध मागे घेतला. मार्च २०२३ मध्ये त्याच गटाचा दुसरा दावा त्याच नियतकालिकात आला, या वेळी ल्युटेशियम, नायट्रोजन आणि हायड्रोजनचा. तापमान २१ अंश सेल्सियस, दाब फक्त १ गिगापास्कल. तोही त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मागे घेतला गेला. पुढे विद्यापीठाच्या चौकशीत गैरवर्तनाचा ठपका आला आणि बहुतेकांच्या लेखी प्रकरण संपले.

माझ्या मते ते संपलेले नाही. एका संशोधकावर ठपका ठेवला की व्यवस्थेचा दोष झाकला जातो. पदार्थाची ओळख नसताना त्याचा विक्रम छापता येतो, ही फट दोन्ही वेळा उघडी होती आणि आजही ती पुरती बुजलेली नाही. म्हणून मी एक साधी मागणी मांडतो. उच्च दाबाखालच्या हायड्राइडच्या, म्हणजे हायड्रोजनच्या दुसऱ्या मूलद्रव्यांशी झालेल्या संयुगाच्या, अतिसंवाहकतेचा दावा स्फटिकरचनेच्या पुराव्याशिवाय विक्रम म्हणून छापू नये, विक्रम म्हणून त्याची बातमी करू नये आणि त्या विक्रमाच्या जोरावर सार्वजनिक पैसा देऊ नये. सात-बारा न पाहता जमिनीचा सौदा कोणी करत नाही; इथे तर जमीन कोणत्या गावात आहे हेही न सांगता किंमत जाहीर झाली होती.

ही मागणी इतर पदार्थांपेक्षा हायड्राइडच्या बाबतीत जास्त लागू पडते, आणि त्याचे कारण या विषयाच्या मुळाशी आहे. धातूतले इलेक्ट्रॉन जोडीजोडीने फिरू लागले की अतिसंवाहकता येते, आणि ही जोडी जुळवण्याचे काम स्फटिकातल्या अणूंची कंपने करतात, असे १९५७ च्या बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांच्या सिद्धान्ताने सांगितले. अणू जितका हलका तितकी कंपने वेगवान, कंपने जितकी वेगवान तितक्या उंच तापमानाला अतिसंवाहकता शक्य, आणि हायड्रोजनहून हलके काही नाही. मग हायड्रोजनच धातू झाला तर? अत्यंत दाबाखाली तो धातू होईल हे विग्नर आणि हंटिंग्टन यांनी १९३५ साली मांडले होते. कॉर्नेल विद्यापीठाच्या नील अ‍ॅश्क्रॉफ्ट यांनी १९६८ साली त्याच्या पुढचे पाऊल टाकले: असा धातूरूप हायड्रोजन फार उंच तापमानाला अतिसंवाहक असेल. पण त्याला लागणारा दाब इतका प्रचंड की तो गाठणे दुरापास्त. तेव्हा २००४ साली अ‍ॅश्क्रॉफ्ट यांनीच वाट बदलली. हायड्रोजनला दुसऱ्या जड मूलद्रव्याच्या जाळीत कोंडले तर ते मूलद्रव्यच दाबाचे अर्धे काम करेल. बाहेरून कमी दाबावे लागेल.

म्हणजे कल्पनाच मुळात मांडणीची आहे. नुसता भरपूर हायड्रोजन असून भागत नाही. हायड्रोजनचे अणू दोनदोनच्या रेणूंत बांधलेले राहिले तर त्यांचे इलेक्ट्रॉन त्या बंधातच अडकतात आणि धातूपणा येत नाही. ते एकमेकांपासून योग्य अंतरावर, सलग जाळ्यात आले पाहिजेत. एकाच मूलद्रव्यांचे, एकाच दाबाखालचे दोन नमुने घ्या. एकात हायड्रोजन जोड्यांनी बसला असेल आणि दुसऱ्यात जाळे विणून, तर पहिला निरुपयोगी आणि दुसरा चमत्कार. 'कार्बन-गंधक-हायड्रोजन' असे म्हणणे म्हणजे पदार्थाचे नाव सांगणेसुद्धा नव्हे.

याचा पहिला आणि माझ्या दृष्टीने सर्वांत सुंदर धडा जर्मनीतल्या माइन्झच्या माक्स प्लांक संस्थेत मिळाला. मिखाइल एरेमेट्स, अलेक्झांडर द्रोझदोव्ह आणि सहकाऱ्यांनी हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे कुजक्या अंड्यांच्या वासाचा तोच ओळखीचा वायू, दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये दाबला. २०१५ साली त्यांनी प्रसिद्ध केलेला आकडा होता १५५ गिगापास्कलला २०३ केल्विन, शून्याखाली ७० अंश. त्या आधीची जवळजवळ तीन दशके सगळे विक्रम तांब्याच्या ऑक्साइडांकडे होते आणि ते यापेक्षा बरेच खाली होते. पण नळीतून भरलेल्या वायूत गंधकाच्या एका अणूमागे हायड्रोजनचे दोन अणू असतात, आणि त्या रचनेचे गणित करणाऱ्यांना तापमान ८० केल्विनच्या आसपास मिळत होते. मग हे दोनशे कुठून आले?

उत्तर रचनेत होते. चीनच्या जिलिन विद्यापीठातल्या एका गटाने २०१४ सालीच गणिताने दाखवले होते की एका गंधकामागे तीन हायड्रोजन असलेले संयुग २०० गिगापास्कलच्या आसपास तयार होऊ शकते आणि त्याचे संक्रमण तापमान, म्हणजे ज्याच्या खाली अतिसंवाहकता येते ते तापमान, साधारण १९१ ते २०४ केल्विन असेल. म्हणजे दाबाखाली मूळ वायू मोडत होता, काही गंधक वेगळे पडत होते आणि उरलेल्याचे नवे संयुग होत होते. २०१६ साली जपानी संशोधकांनी माइन्झच्या गटाबरोबर त्या नमुन्यावर सिंक्रोट्रॉनचे, म्हणजे कणांना वेग देणाऱ्या मोठ्या यंत्रातून निघणारे, प्रखर क्ष-किरण टाकले. गंधकाचे अणू घनाच्या आठ कोपऱ्यांवर आणि मध्यभागी बसलेले दिसले, अगदी भाकितात होते तसे. त्या भाकितानुसार हायड्रोजन घनाच्या कडांच्या मध्यावर आणि पृष्ठांच्या मध्यावर येतो: दोन गंधकांच्या बरोबर मधोमध, कोणाच्याही बाजूला न झुकता. नेहमीच्या हायड्रोजन बंधात तो एका शेजाऱ्याला चिकटून आणि दुसऱ्यापासून दूर असतो. हा समतोल कसा टिकतो याचाही शोध लागला. हायड्रोजन इतका हलका आहे की निरपेक्ष शून्यालाही तो एका जागी थांबत नाही, आणि त्याची ही पुंज हालचालच मधली जागा स्थिर करते, असे स्पेनच्या इयॉन एरेआ यांच्या गटाने गणिताने मांडले.

अतिसंवाहकता मोजली कोणी, भाकीत केले कोणी, रचना पाहिली कोणी, या तीन गोष्टी वेगवेगळ्या देशांतल्या, वेगवेगळ्या हातांतून आल्या आणि एकमेकींवर नेमक्या बसल्या. हायड्रोजनऐवजी त्याचा जड भाऊ ड्युटेरियम घातल्यावर संक्रमण तापमान खाली आले, जसे यायला हवे होते. २०२३ साली नमुन्यात अडकवलेल्या चुंबकीय प्रवाहाची मापने आली, २०२५ साली ऊर्जेतली अतिसंवाहक फट, म्हणजे इलेक्ट्रॉनांची जोडी फोडायला लागणारी ऊर्जा, थेट मोजली गेली. दहा वर्षे हा दावा तपासला जातो आहे, त्याच्या चुंबकीय मापनांवर तिखट वादही झाले, तरी तो उभा आहे. कारण वाद घालायला समोर एक पदार्थ आहे.

दुसरा धडा पिंजऱ्यांचा. कॅल्शियमच्या एका अणूमागे सहा हायड्रोजन घेतले तर हायड्रोजनचे २४ अणू मिळून कॅल्शियमभोवती चौकोनी आणि षटकोनी तोंडांचा एक पिंजरा बांधतील, असे जिलिनच्याच संशोधकांनी २०१२ साली वर्तवले. धातू आपले इलेक्ट्रॉन हायड्रोजनला देतो, त्यामुळे हायड्रोजनचे जोड्यांचे बंध सुटतात आणि अणू पिंजऱ्यात एकसारखे पसरतात. हे संयुग प्रत्यक्ष हाती यायला २०२२ उजाडले. त्याचे तापमान २१५ केल्विनपर्यंत गेले. लँथॅनममध्ये पिंजरा आणखी मोठा, ३२ अणूंचा. त्याचे भाकीत २०१७ साली दोन गटांनी स्वतंत्रपणे केले, २०१८ साली अमेरिकेत संयुग बनले आणि क्ष-किरणांनी त्याची रचना आधी तपासली गेली, आणि मग २०१९ साली दोन वेगळ्या प्रयोगशाळांनी त्यात २५० आणि २६० केल्विनच्या आसपास अतिसंवाहकता मोजली. क्रम पाहा: भाकीत, रचना, मापन. इथे आकडा शेवटी आला.

रचना पाहण्याचा आग्रह माणसाला निराशही करतो, आणि त्यातच त्याची किंमत आहे. यट्रियमच्या एका अणूमागे दहा हायड्रोजन असलेल्या संयुगाचे भाकीत तर खोलीच्या तापमानाच्याही वर जात होते. माइन्झच्या गटाने यट्रियम आणि हायड्रोजन २०० गिगापास्कलच्या वर नेले. क्ष-किरणांनी सहा हायड्रोजनचे आणि नऊ हायड्रोजनचे संयुग दाखवले, दहाचे दाखवले नाही. मिळालेले सर्वोच्च तापमान २४३ केल्विन. त्यांनी तेच छापले. रचना न पाहता नुसत्या रोधाच्या आलेखावर काम भागवले असते तर कोणते संयुग बनले याबद्दल हवे ते म्हणता आले असते.

आता या मागणीतली खरी अडचण. हायड्रोजन क्ष-किरणांना जवळजवळ दिसत नाही. क्ष-किरण इलेक्ट्रॉनांवरून विखुरतात आणि त्या विखुरण्याची तीव्रता इलेक्ट्रॉनांच्या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. लँथॅनमकडे ५७ इलेक्ट्रॉन, हायड्रोजनकडे एक. म्हणजे एकेका अणूचा विचार केला तर लँथॅनम सुमारे सव्वातीन हजार पट ठळक. त्यामुळे वर ज्या रचनांचे मी कौतुक केले त्यांतही थेट दिसतात ते जड अणूच. हायड्रोजन किती आहे हे एकेका जड अणूच्या वाट्याला आलेल्या जागेवरून काढतात: जाळी किती फुगली त्यावरून आत किती हायड्रोजन मावला याचा अंदाज. तो नेमका कुठे बसला हे मुख्यतः गणित सांगते.

न्यूट्रॉनांना मात्र हायड्रोजन नीट दिसतो, आणि ही गोष्ट महाराष्ट्राला तरी नवी नाही. ट्रॉम्बेच्या अणुभट्ट्यांतले न्यूट्रॉन वापरून स्फटिकांमधला हायड्रोजन नेमका कुठे आहे हे शोधण्याचे काम भाभा अणुसंशोधन केंद्रात राजगोपाल चिदंबरम, सतिंदर सिक्का आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमिनो आम्लांपासून सुरू केले होते, आणि दाबाखाली हायड्रोजन बंधाचे काय होते हा तिथला जुना, जिव्हाळ्याचा प्रश्न आहे. पण न्यूट्रॉन विवर्तनाला, म्हणजे स्फटिकावरून विखुरलेल्या न्यूट्रॉनांच्या आकृतीवरून अणूंच्या जागा काढण्याला, नमुना बराच मोठा लागतो. दीडशे-दोनशे गिगापास्कलला हिऱ्यांच्या टोकांमध्ये राहतो तो नमुना काही मायक्रॉनांपासून फार तर काही दशक मायक्रॉनांपर्यंतचा, डोक्यावरच्या केसाच्या जाडीत मावणारा. त्यावर न्यूट्रॉनांचे हे तंत्र आज तरी चालत नाही.

म्हणून 'संपूर्ण रचना दाखवा' असा हट्ट मी धरत नाही. तो अन्याय ठरेल. मागायचे ते हेच: ज्या नमुन्यावर रोध मोजला त्याच नमुन्याचे, त्याच दाबाखालचे विवर्तन. जड अणूंची जाळी आणि प्रत्येक अणूमागचे घनफळ. त्या घनफळातून निघणारे हायड्रोजनचे प्रमाण, त्यातल्या अनिश्चिततेसह. आणि या सगळ्यांशी जुळणारी निदान एक अशी रचना, जी त्या दाबाखाली टिकू शकते असे गणित सांगते. माइन्झ, जिलिन, शिकागोजवळचे आर्गोन, ओसाका इथे हे होत आले आहे. त्यामुळे हे अशक्य आहे असे कोणी म्हणू नये.

कार्बन-गंधक-हायड्रोजनच्या निबंधात यातले काय होते? कार्बन आणि गंधकाची भुकटी, वरून हायड्रोजन, हिऱ्यांमध्ये दाबून त्यावर हिरव्या लेसरचा मारा. तयार झालेल्या संयुगाची, विक्रमी दाबाखालची रचना नाही. आणि रचना नसली की काय होते ते पुढच्या दोन वर्षांत दिसले. जगभरच्या सिद्धान्तकारांनी या तीन मूलद्रव्यांच्या असंख्य मांडण्या तपासल्या. कोणती मांडणी खोडून काढायची हेच माहीत नसल्यामुळे कोणाचेही गणित दावा पाडू शकत नव्हते, आणि दुसऱ्या प्रयोगशाळेला तोच पदार्थ बनला की नाही हे ठरवता येत नव्हते. अपयश आले तर 'तुमचा पदार्थ वेगळा असेल' हे उत्तर कायम तयार. ज्या दाव्याला चुकीचे ठरवायची सोयच नाही, तो दावा विज्ञानाच्या पहिल्या पानावर दोन वर्षे राहिला.

शेवटी तो पडला तो चुंबकीय मापनांच्या आकड्यांवरून. कॅलिफोर्नियाचे भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श मूळ नोंदी मागत राहिले. त्या हाती यायला वर्षाहून अधिक काळ गेला. मग जिनिव्हाचे डर्क व्हॅन डर मारेल आणि हिर्श यांनी दाखवले की 'मूळ' म्हणून दिलेले आकडे आणि छापलेला आलेख यांचा मेळ नीट बसत नाही; त्यात प्रयोगातून न आलेले काहीतरी मिसळलेले दिसते. मापनातून पार्श्वभूमी, म्हणजे नमुन्याबाहेरून येणारा चुंबकीय संकेत, वजा करण्याची जी रीत वापरली ती निबंधात सांगितलेलीच नव्हती, हे कारण देऊन 'नेचर'ने निबंध मागे घेतला. लेखकांनी त्याला असहमती नोंदवली. हिर्श यांची इतर मते मला पटत नाहीत. हायड्राइडमध्ये अतिसंवाहकता नाहीच, हे त्यांचे म्हणणे पुराव्यांपुढे टिकत नाही असे मला वाटते. पण मूळ नोंदी मागण्यात ते शंभर टक्के बरोबर होते, आणि एकट्या माणसाला त्यासाठी इतके झगडावे लागले हे लाजिरवाणे आहे.

ल्युटेशियमच्या वेळी माझ्या मागणीचीच परीक्षा झाली. त्या निबंधात क्ष-किरण विवर्तन होते. म्हणजे रचना मागण्याने तो निबंध अडला असता का? नुसत्या औपचारिकतेने मागितली असती तर नाही. ल्युटेशियमकडे ७१ इलेक्ट्रॉन. त्याच्या जाळीत हायड्रोजन दोन की तीन, नायट्रोजन किती आणि कुठे, हे त्या विवर्तनातून ठरत नव्हते. संयुगाचे सूत्र लिहितानाही हायड्रोजन 'थोडा कमी' आणि नायट्रोजन 'थोडासा' असेच लिहिलेले होते. पण दाब एक गिगापास्कलच असल्याने इथे इतरांना लगेच तपासता आले. चीनमधल्या नानजिंगच्या गटाने दोन महिन्यांतच 'नेचर'मध्ये दाखवले की असाच पदार्थ दाबाखाली निळ्याचा गुलाबी आणि पुढे लाल होतो खरा, पण अतिसंवाहक होत नाही. रंग बदलण्याचे काम साधे ल्युटेशियम डायहायड्राइडही करते. सिद्धान्तकारांनी ल्युटेशियम, हायड्रोजन आणि नायट्रोजनच्या हजारो मांडण्या चाळल्या. खोलीच्या तापमानाला अतिसंवाहक होईल अशी स्थिर मांडणी त्यांना सापडली नाही. यातून मी घेतो तो बोध असा की विवर्तनाची आकृती जोडली म्हणजे रचना दिली असे धरता कामा नये. त्या रचनेवरून अतिसंवाहकता का यावी हेही मांडावे लागेल, किंवा ते समजत नाही असे शीर्षकातच सांगावे लागेल.

याला एक गंभीर आक्षेप आहे आणि तो मी टाळणार नाही. १९८६ साली बेडनॉर्झ आणि म्यूलर यांनी तांब्याच्या ऑक्साइडमध्ये अतिसंवाहकता पाहिली तेव्हा त्यांचा नमुना अनेक प्रावस्थांचे, म्हणजे वेगवेगळ्या रचनेच्या पदार्थांचे, मिश्रण होता. १९८७ साली ९३ केल्विनचा यट्रियमचा ऑक्साइड जाहीर झाला तेव्हाही तेच. अतिसंवाहक नेमकी कोणती प्रावस्था हे नंतर कळले. आधी रचना मागितली असती तर ही क्रांती रोखली गेली असती ना? पण बेडनॉर्झ आणि म्यूलर यांनी आपल्या निबंधाच्या शीर्षकातच 'संभाव्य' असा शब्द घातला होता. आणि तो पदार्थ भट्टीत भाजून कोणालाही बनवता येत होता. भारतातही १९८७ साली बंगळुरूच्या सी. एन. आर. राव यांच्यासह अनेक गटांनी तो बनवला आणि त्याची रचना ठरवण्याच्या कामात भाग घेतला. आठवड्यांत जगभर पडताळणी झाली. २६७ गिगापास्कलला पोचणाऱ्या प्रयोगशाळा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत, हिरे फुटतात, नमुना परत हाती लागत नाही. जिथे दुसऱ्याला सहज तपासता येत नाही तिथे पहिल्याकडून जास्त मागावे लागते.

आणि मी रचना मागतो आहे, सिद्धान्ताची परवानगी नव्हे. हा फरक मुंबईच्याच एका कामाने शिकवला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या एस. रामकृष्णन यांच्या गटाने अत्यंत शुद्ध बिस्मथच्या स्फटिकात, नेहमीच्या दाबाला, ०.५३ मिलिकेल्विनला अतिसंवाहकता पाहिली, आणि ते 'सायन्स'मध्ये आले. बिस्मथमध्ये वाहक इलेक्ट्रॉन इतके विरळ, साधारण एक लाख अणूंमागे एक, की प्रचलित सिद्धान्तातून ही अतिसंवाहकता सहज निघत नाही. तरीही तो शोध मान्य झाला, कारण पदार्थ कोणता, किती शुद्ध, स्फटिक कसा, चुंबकीय प्रतिसाद काय, हे सगळे समोर होते. सिद्धान्त मागे पडला तर पडू दे. पदार्थ मात्र दिसला पाहिजे.

याहून मोठे कारण आणखी आहे, आणि सर्वसामान्य वाचकाचा खरा संबंध तिथे येतो. दीडशे गिगापास्कलच्या अतिसंवाहकाची तार ओढता येत नाही, त्यावर रेल्वे धावत नाही, त्याने एमआरआय यंत्रातला द्रवरूप हेलियम वाचत नाही. ठिपक्याएवढा तो नमुना हिऱ्यांच्या कुशीतच राहतो. मग त्या आकड्याचा समाजाला उपयोग काय? उपयोग एकच: ज्या पिंजऱ्यात हे घडले तो कमी दाबाला कसा टिकवता येईल हे शिकणे. लँथॅनमच्या जोडीला बेरिलियम घातले तर हायड्रोजन बेरिलियमशी बांधला जाऊन जाळे कमी दाबाला टिकेल, असे आधी गणिताने सुचवले. २०२३ साली ते संयुग बनले आणि ८० गिगापास्कलला ११० केल्विनपर्यंत अतिसंवाहक राहिले. तापमान अर्ध्यावर आले, पण दाबही अर्ध्यावर आला. ही खरी वाटचाल आहे आणि तिचे प्रत्येक पाऊल रचनेच्या ज्ञानावर पडलेले आहे. रचना नसलेला १५ अंशांचा आकडा खरा निघाला असता तरी पुढच्या माणसाला त्यातून काहीच शिकता आले नसते.

आपल्याकडेही हा प्रश्न दाराशी येऊन गेला आहे. २०१८ साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतून सोन्या-चांदीच्या नॅनोरचनांमध्ये २३६ केल्विनला अतिसंवाहकता दिसल्याचा दावा एका खुल्या संग्रहावर आला. अमेरिकेतल्या ब्रायन स्किनर यांनी आलेख बारकाईने पाहिले, तर दोन वेगळ्या मापनांतली बारीक खरखर हुबेहूब सारखी होती. पुढच्या वर्षी सुधारित निबंध आला, दाव्याचे तापमान आणखी वाढले. पण बाहेरच्या प्रयोगशाळांकडून दुजोरा मिळाला नाही. २०२३ च्या जुलैत कोरियाहून एलके-९९ हा पदार्थ खोलीच्या तापमानाला, नेहमीच्या दाबाला अतिसंवाहक असल्याचा दावा आला आणि तरंगत्या खड्यांच्या चित्रफितींनी मोबाइल भरून गेले. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत तो पदार्थ लगेच बनवून पाहिला. अतिसंवाहकता मिळाली नाही. रोध एकदम पडण्याचे कारण त्यात मिसळलेला कॉपर सल्फाइड होता, जो १०४ अंश सेल्सियसच्या आसपास आपली रचना बदलतो. जर्मनीत त्या संयुगाचे शुद्ध स्फटिक वाढवले तेव्हा ते जांभळट, पारदर्शक आणि विजेला विरोध करणारे निघाले. पुन्हा तेच: स्फटिक हाती आल्याबरोबर वाद मिटला.

अशा दाव्यांच्या बातम्या देताना मराठी वृत्तपत्रांनी आणि वाहिन्यांनी एक प्रश्न ठरवून विचारावा: हा पदार्थ काय आहे, आणि तो दुसऱ्या कोणी बनवला आहे का? उत्तर नसेल तर बातमी द्यावी, पण 'दावा' म्हणून, आतल्या पानावर. विज्ञानाची बातमी वाचणाऱ्या दहावीतल्या मुलीला पुन्हा पुन्हा खोटी आशा दाखवणे ही क्षुल्लक गोष्ट नाही.

सरकारी पातळीवर काम जास्त आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे शैक्षणिक सचोटीचे नियम जवळजवळ पूर्णपणे वाङ्मयचौर्याचे आहेत: मजकुरात साम्य दहा टक्क्यांच्या वर गेले तर ही शिक्षा, चाळीसच्या वर गेले तर ती. मोजमापांचे आकडेच घडवले तर काय, मूळ नोंदी किती वर्षे जपायच्या, मागितल्यावर कोणाला द्यायच्या, याबद्दल संशोधकाला हाताशी धरता येईल असे त्यात फारसे काही नाही. अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान आता देशाच्या संशोधनाचा पैसा वाटते. प्रतिष्ठानाने आपल्या अनुदानाच्या अटींत लिहावे की नव्या पदार्थाच्या दाव्याबरोबर विवर्तनाच्या आणि विद्युत-चुंबकीय मापनांच्या मूळ फायली एका सार्वजनिक भांडारात ठेवल्याच पाहिजेत. इंदूरच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर उच्च दाबाखालच्या विवर्तनाची सोय आहे, हॅम्बर्गच्या सिंक्रोट्रॉनवर भारताने स्वतःचा वाटा घेतलेला आहे. रचना तपासण्यासाठी तिथला वेळ राखून ठेवावा. यासाठी नवा कायदा लागत नाही.

आणि रॉचेस्टरमधल्या विद्यार्थ्यांचा विचार करा. विद्यापीठाने आधी तीन प्राथमिक चौकश्या केल्या आणि तिन्हींत काही गैर आढळले नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने भाग पाडल्यावर बाहेरच्या तज्ज्ञांची समिती नेमली गेली. तिने १६ आरोप तपासले आणि १२४ पानांच्या अहवालात गैरवर्तन झाल्याचा निष्कर्ष काढला. डायस यांनी आरोप नाकारले. २०२४ च्या अखेरीस ते विद्यापीठातून बाहेर पडले. पण त्याआधी, ल्युटेशियमच्या निबंधाच्या ११ लेखकांपैकी आठ जणांनी, ज्यांत त्याच प्रयोगशाळेत काम केलेले विद्यार्थी होते, स्वतः 'नेचर'ला पत्र लिहून निबंध मागे घ्यायला सांगितले. ज्यांच्या पदव्या, शिफारसपत्रे आणि पुढची आयुष्ये त्या प्रयोगशाळेच्या प्रमुखावर अवलंबून होती त्यांनी हे केले. त्यांना लिहायला निदान एक पत्ता होता, आणि मागे पैसा देणारी एक संस्था होती जी विद्यापीठाला जाब विचारू शकली. पुण्यात, मुंबईत किंवा नागपुरात पीएचडी करणाऱ्या मुलाला आपल्या मार्गदर्शकाच्या आलेखात खोट दिसली तर त्याने कोणाला लिहायचे? त्याच संस्थेच्या, त्याच मार्गदर्शकाच्या सहकाऱ्यांच्या समितीला? अनुदानाच्या अटींबरोबर प्रतिष्ठानाने तक्रार घेणारा, तक्रारदाराचे नाव राखणारा आणि संस्थेबाहेरून चौकशी करणारा एक स्वतंत्र कक्ष उघडावा, आणि त्याचा पत्ता प्रत्येक पीएचडीच्या नोंदणीपत्रावर छापावा.